ज्वालामुखीला ‘तो’ म्हणणारं बेट : स्ट्रॉम्बोली

कल्पना करा, रात्रीचे नऊ वाजले आहेत आणि तुम्ही भूमध्य समुद्रात एका छोट्या बोटीत बसला आहात. नावाड्याने इंजिन बंद केलंय. समोर काळाकुट्ट डोंगर थेट समुद्रातून वर उठलाय. बोटीत कोणी बोलत नाही, सगळ्यांचे डोळे डोंगराच्या माथ्याकडे लागलेले. पाच मिनिटं जातात, दहा जातात. आणि अचानक माथ्यावर लालभडक कारंजं उडतं! दिवाळीतला मोठा अनार पेटावा तसं. दोन-तीन सेकंदांनी आवाज पोहोचतो, खोल, घुमणारा. जळते दगड उतारावरून घरंगळत समुद्राकडे येतात आणि मग पुन्हा सगळं शांत.

बोटीतले पर्यटक टाळ्या वाजवतात. नावाडी मात्र शांत असतो. त्याने हे लहानपणापासून रोज पाहिलंय. त्याचं घर याच डोंगराच्या दुसऱ्या बाजूला, पायथ्याशी आहे.

हे आहे इटलीचं स्ट्रॉम्बोली बेट. क्षेत्रफळ जेमतेम साडेबारा चौरस किलोमीटर, कायमची वस्ती साधारण पाचशे माणसांची. आणि मधोमध जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक. हजार वर्षांहून जास्त काळ तो जवळजवळ अखंड असाच धुमसतोय. आज आपण या बेटाची सफर करू या. काय पाहायचं, काय खायचं हे तर बघूच, पण त्याआधी एका प्रश्नाचं उत्तरही शोधू : जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी माणसं घर बांधून राहतात तरी कशी?

सात बहिणींमधली सर्वांत तापट

इटलीचा नकाशा उंच टाचेच्या बुटासारखा दिसतो, हे आपण शाळेत शिकलोय. त्या बुटाच्या टोकाजवळचं मोठं बेट म्हणजे सिसिली. सिसिलीच्या उत्तरेला समुद्रात सात छोटी बेटं विखुरलेली आहेत : लिपारी, वुल्कानो, सालिना, पानारेआ, फिलिकुडी, अलिकुडी आणि स्ट्रॉम्बोली. यांना एओलियन बेटं म्हणतात. सगळीच ज्वालामुखीतून जन्मलेली. ज्वालामुखींच्या अभ्यासात या बेटांचं महत्त्व इतकं मोठं, की २००० साली युनेस्कोने त्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. इंग्रजीतला ‘व्होल्कॅनो’ हा शब्दसुद्धा यांच्यातल्याच वुल्कानो बेटाच्या नावावरून आलाय.

‘स्ट्रॉम्बोली’ हे नाव मूळ ग्रीक ‘स्ट्रॉन्गिली’वरून आलं. त्याचा अर्थ गोल. लांबून पाहिलं तर बेट खरंच गोलसर शंकूसारखं दिसतं. समुद्रसपाटीपासून त्याची उंची ९२४ मीटर. पण आपल्याला दिसतं ते फक्त टोक. पाण्याखाली हाच डोंगर आणखी सुमारे दोन किलोमीटर खोल गेलेला आहे. म्हणजे आपण ज्याला बेट म्हणतो, ते खरं तर एका प्रचंड पर्वताचं डोकं आहे.

वाऱ्याच्या राजाचं राज्य

या बेटांना एओलियन हे नाव मिळालं ते एओलस या ग्रीक पुराणकथेतल्या वाऱ्यांच्या राजावरून. होमरच्या ‘ओडिसी’ महाकाव्यात त्याची गोष्ट येते. युद्धावरून घरी परतणारा ओडिसियस एओलसच्या बेटावर थांबतो. एओलस त्याला निरोप देताना सगळे वादळी वारे एका चामड्याच्या पिशवीत बांधून देतो, म्हणजे वाटेत त्रास नको. घराचा किनारा दिसायला लागतो, तेवढ्यात ओडिसियसला झोप लागते. पिशवीत सोनं-चांदी असेल असं वाटून खलाशी ती उघडतात आणि सुटलेले वारे जहाजाला पुन्हा मागे लोटून नेतात. हावरटपणाची ही गोष्ट मुलांना सांगायला अगदी छान आहे.

गंमत म्हणजे या कथेच्या मुळाशी अनुभवाचं शहाणपण असावं. रोमन लेखक प्लिनी याने दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, की इथल्या ज्वालामुखीच्या धुरावरून पुढचे तीन दिवस वारा कसा वाहील हे स्थानिक लोक सांगतात. कोकणातला म्हातारा कोळी आभाळाकडे बघून ‘आज होडी नको काढू’ म्हणतो ना, तसंच हे. रात्रीच्या अंधारात दर थोड्या वेळाने चमकणारा हा डोंगर खलाशांना दिशाही दाखवायचा. म्हणूनच त्याला ‘भूमध्य समुद्राचा दीपस्तंभ’ असं नाव पडलं.

स्फोट होतो तरी कसा?

घरात मुलं असतील तर हा प्रश्न हमखास येणार, म्हणून सोप्या शब्दांत सांगते.

चुलीवर पिठलं रटरटायला लागलं की काय होतं आठवा. तळाकडून वाफेचा बुडबुडा वर येतो, ‘फट्’ करून फुटतो आणि गरम शिंतोडे उडतात. स्ट्रॉम्बोलीच्या पोटात असंच घडतं. वितळलेल्या खडकात विरघळलेले वायू वर येता येता एकत्र होतात, त्यांचा मोठा बुडबुडा तयार होतो. तो विवराच्या तोंडाशी येऊन फुटतो आणि तप्त लाव्ह्याचे गोळे शंभर-दोनशे मीटर उंच उडतात. साधारण दर दहा-वीस मिनिटांनी हा प्रकार होतो. रोज आणि रात्रंदिवस.

ही पद्धत इतकी ठरलेली आहे, की जगात कुठेही असे छोटे छोटे, थांबून थांबून होणारे स्फोट दिसले की शास्त्रज्ञ त्यांना ‘स्ट्रॉम्बोलियन’ स्फोट म्हणतात. आपल्या भारतातही याचं उदाहरण आहे बरं! अंदमानातलं बॅरन बेट हा आपल्या देशातला एकमेव जागता ज्वालामुखी. बराच काळ झोपलेला हा ज्वालामुखी १९९१ साली जागा झाला. त्याचे स्फोटही बरेचदा याच प्रकारचे असतात. फरक एवढाच, की बॅरन बेटावर माणसं राहत नाहीत. स्ट्रॉम्बोलीवर राहतात.

आणि महाराष्ट्रातल्या वाचकांना तर इथला काळा दगड ओळखीचाच वाटेल. आपला सह्याद्रीचा कातळ, ज्यात वेरूळ-अजिंठ्याची लेणी कोरली गेली, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून वाहून आलेल्या लाव्ह्याचाच. आपला लाव्हा कधीच थंड झाला, आपण त्यावर गड बांधले, लेणी कोरली, भातशेती केली. स्ट्रॉम्बोलीचा दगड अजून तयार होतोय.

‘तो’ आज कसा आहे?

बेटावरचे लोक ज्वालामुखीला नावाने हाक मारत नाहीत. ते त्याला ‘इद्दू’ म्हणतात. सिसिलीच्या बोलीत इद्दू म्हणजे ‘तो’. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव न घेता ‘हे’ म्हणायच्या, त्यात धाक, सवय आणि जवळीक तिन्ही असायचं. इद्दू म्हणण्यातही तेच आहे. सकाळी घराबाहेर पडताना माथ्याकडे नजर टाकायची, धूर कुठल्या दिशेला जातोय ते बघायचं. इद्दू आवाज करत असला तर लोक निश्चिंत असतात. तो फार वेळ गप्प बसला किंवा वेगळ्याच सुरात गरजू लागला, तर मात्र कान टवकारले जातात.

रोजच्या जगण्यात इतर अडचणीही कमी नाहीत. बेटावर गोड्या पाण्याचे झरे नाहीत. पूर्वीची घरं पाहिलीत तर गच्चीवरचं पावसाचं पाणी टाक्यात साठवायची सोय दिसते. आजही बाहेरून जहाजाने पाणी आणावं लागतं. समुद्र खवळला की बोटी बंद आणि मग दूध, भाजी, औषधं सगळ्याचीच पंचाईत.

वस्ती इथे फार जुनी आहे. सान व्हिन्सेन्झो भागात उत्खननात कांस्ययुगातलं गाव सापडलंय, म्हणजे ख्रिस्तपूर्व दुसऱ्या सहस्रकातलं. मधल्या काळात समुद्री चाच्यांनी या बेटांना हैराण केलं. १५४४ साली ऑटोमन आरमाराच्या बार्बारोसाने शेजारच्या लिपारीवर हल्ला करून हजारो माणसांना गुलाम म्हणून नेलं. तरी लोक परत आले. ज्वालामुखीच्या राखेची जमीन सुपीक असते. तिच्यात द्राक्षं पिकली, ऑलिव्ह पिकले. बेटाची स्वतःची शिडाची जहाजं होती आणि व्यापार चांगला चालायचा. एकोणिसाव्या शतकात इथे काही हजार माणसं सुखाने नांदत होती.

बेट रिकामं झालं ते असं

हे बेट कशाने रिकामं झालं असेल? पहिला घाव ज्वालामुखीचा नव्हता. वाफेची जहाजं आली आणि शिडाच्या जहाजांचा धंदा बसला. पाठोपाठ एका किडीने द्राक्षाच्या वेली खाऊन टाकल्या. हातचं काम गेलं तशी माणसं बाहेर पडू लागली, अमेरिकेला आणि दूर ऑस्ट्रेलियाला.

मग ११ सप्टेंबर १९३० हा दिवस उजाडला. इद्दूने रोजची शिस्त मोडली. प्रचंड स्फोट झाला, घरांवर दगड कोसळले, तापलेल्या राखेचा लोट उतारावरून खाली आला, समुद्रात लाटा उठल्या. काही माणसं दगावली. विसाव्या शतकातला हा इथला सर्वांत भीषण उद्रेक. त्यानंतर बेट सोडणाऱ्यांची रांगच लागली. आजही मेलबर्नमध्ये एओलियन बेटांवरून गेलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांची मोठी वस्ती आहे.

कोकणात एखाद्या वाडीत गेलात तर दहातल्या सहा घरांना कुलपं दिसतात. घरातले मुंबईला, आता काही परदेशातही. मे महिन्यात आणि गणपतीत तेवढी घरं उघडतात, अंगण सारवलं जातं, चार दिवस पोराबाळांचा गलका होतो. स्ट्रॉम्बोलीचं चित्र याहून फार वेगळं नाही. उन्हाळ्यात बेट माणसांनी फुलतं, हिवाळ्यात गल्ल्या ओस पडतात.

एका सिनेमाने बदललं नशीब

बेट असं रिकामं होत असताना १९४९ साली तिथे एक सिनेमावाल्यांची तुकडी उतरली. दिग्दर्शक होते रॉबेर्तो रोसेलिनी आणि नायिका होती हॉलिवूडची ऑस्कर विजेती इन्ग्रिड बर्गमन. रोसेलिनींचे चित्रपट पाहून बर्गमनने स्वतःच त्यांना पत्र लिहून काम करायची इच्छा कळवली होती. ‘स्ट्रॉम्बोली’ या चित्रपटात निर्वासितांच्या छावणीतून सुटका व्हावी म्हणून एका कोळ्याशी लग्न करून बेटावर आलेल्या परक्या बाईची गोष्ट आहे. बऱ्याच भूमिका बेटावरच्या खऱ्या माणसांनीच केल्या.

पडद्यामागची गोष्ट मात्र जास्त गाजली. दोघंही विवाहित, तरी चित्रीकरणादरम्यान प्रेमात पडली. जगभरात गदारोळ झाला. अमेरिकेच्या सिनेटमध्ये एका सदस्याने बर्गमनवर भाषण ठोकून टीका केली. त्यांच्याशी नातं तुटलेली अभिनेत्री ॲना मान्यानी त्याच सुमारास शेजारच्या वुल्कानो बेटावर दुसऱ्या सिनेमाचं चित्रीकरण करत होती! वर्तमानपत्रांना यापेक्षा चटकदार मसाला काय हवा?

बर्गमन आणि रोसेलिनी राहिले ते लाल रंगाचं घर आजही गावात आहे. भिंतीवर त्याची पाटी आहे. पुढे हेच रोसेलिनी भारतात आले आणि १९५९ साली त्यांनी ‘इंडिया : मातृभूमी’ हा चित्रपट केला, हे आपल्याकडच्या जुन्या सिनेरसिकांना आठवत असेल.

सिनेमाने बेटाला जगाच्या नकाशावर आणलं. पर्यटक येऊ लागले, बंद घरं उघडली, खाणावळी आणि छोटी हॉटेलं सुरू झाली. त्याआधीही वाचकांना हे नाव माहीत होतं म्हणा. जूल्स व्हर्न यांच्या १८६४ सालच्या ‘पृथ्वीच्या पोटात प्रवास’ या कादंबरीत मंडळी आइसलंडच्या ज्वालामुखीतून आत शिरतात आणि बाहेर पडतात ती थेट स्ट्रॉम्बोलीतून.

काय काय पाहाल?

*शारा देल फुओको.* म्हणजे अग्नीची वाट. बेटाच्या वायव्येला डोंगराचा एक मोठा भाग काही हजार वर्षांपूर्वी समुद्रात कोसळला. तिथे घोड्याच्या नालेच्या आकाराची काळी घसरण तयार झाली. विवरातून उडालेले दगड आणि लाव्हा इथूनच समुद्रात जातो. बाकीच्या बाजूची गावं त्यामुळेच वाचतात. संध्याकाळी निघणाऱ्या बोटीतून हा देखावा पाहायचा. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असतील तर हाच सर्वांत सोपा मार्ग.

*पुन्ता लाब्रोंझोची पायवाट.* चालायची हौस असेल तर गावाच्या टोकाकडून वर चढणारी पायवाट धरा. पूर्वी थेट माथ्यापर्यंत जाता यायचं. २०१९ नंतर माथा बंद झाला. साधारण २९० मीटर उंचीपर्यंत स्वतः जाता येतं आणि अधिकृत वाटाड्या बरोबर असेल तर ४०० मीटरपर्यंत. ‘तो’ जसा वागेल तसे हे नियम बदलतात. म्हणून निघण्याआधी बेटावर चौकशी करा आणि ‘जरा पुढे जाऊन बघू’ हा मोह टाळा.

*स्ट्रॉम्बोलिक्कियो.* मुख्य बेटाच्या ईशान्येला समुद्रात एकटाच उभा असलेला सुमारे ५० मीटर उंचीचा सुळका. हा खरं तर दोन लाख वर्षांपूर्वीच्या जुन्या ज्वालामुखीच्या नळीत गोठलेला दगड. आजूबाजूचा डोंगर झिजून गेला, हा उरला. वर दीपगृह आहे. स्थानिक लोक सांगतात, की हे ज्वालामुखीचं बूच आहे. एकदा त्याने इतक्या जोरात उडवलं की समुद्रात जाऊन पडलं!

*काळ्या वाळूचे किनारे.* फिकोग्रांदेची वाळू पूर्ण काळी आहे. दुपारी ती तव्यासारखी तापते, चप्पल काढायची चूक करू नका.

*गावाच्या गल्ल्या.* पांढऱ्या चुन्याची चौकोनी घरं, जाड खांबांचे ओटे, भिंतींवर बोगनवेल. सान व्हिन्सेन्झो चर्चच्या चौकातून समुद्र आणि स्ट्रॉम्बोलिक्कियो असा सुंदर देखावा दिसतो. गल्ल्या इतक्या अरुंद, की मोठ्या गाड्या नाहीतच. सामान आणि पर्यटक वाहून नेतात ते तीन चाकी ‘आपे’ टेम्पो. होय, तीच आपली आपे रिक्षा! इटालियनमध्ये ‘आपे’ म्हणजे मधमाशी. याच इटालियन कंपनीच्या तीनचाकी आपल्या बारामतीतही तयार होतात. इतक्या दूर आल्यावर ओळखीची घरघर ऐकून हसू येणारच. रात्री बऱ्याच गल्ल्यांत रस्त्यावरचे दिवे नसतात, म्हणून आकाश चांदण्यांनी भरलेलं दिसतं. टॉर्च मात्र जवळ ठेवा.

*जिनोस्त्रा.* बेटाच्या दुसऱ्या टोकाचं इवलंसं गाव. मुख्य गावातून इथे रस्ता नाही, समुद्रातूनच जावं लागतं. कायम राहणारी माणसं मोजकीच. जुनं बंदर एवढं चिमुकलं, की ते जगातल्या सर्वांत छोट्या बंदरांपैकी एक समजलं जातं. चढावर सामान वाहायला खेचरं. वीज आली ती एकविसाव्या शतकात. शांतता म्हणजे काय हे कळायला इथे एक दुपार घालवावी.

पानात काय वाढतील?

शाकाहारी वाचकांनी काळजी करू नये. वांगी, टोमॅटो, ऑलिव्ह आणि केपर घालून केलेली आंबटगोड ‘कापोनाता’ ही भाजी पावाबरोबर झकास लागते. केपर म्हणजे इथल्या दगडी भिंतींत उगवणाऱ्या झुडपाच्या कळ्या, मिठात मुरवलेल्या. राजस्थानच्या केर-सांगरीतला केर याच कुळातला! पास्ता मागवताना मात्र त्यात छोटे खारवलेले मासे आहेत का हे आधी विचारा, कारण सॉसमध्ये ते बरेचदा मिसळलेले असतात.

मासे खाणाऱ्यांची तर चंगळच आहे. ताजी सुरमईसारखी मोठी मासळी, तलवार मासा, नळ म्हणजे माकुळ. सकाळी नाश्त्याला लिंबाचा किंवा बदामाचा ‘ग्रानिता’ आणि मऊ गोड पाव. आपल्या गोळ्याचा हा इटालियन चुलतभाऊ समजा. काही मंडळी इथल्या माल्वाझिया द्राक्षांच्या गोड वाइनचीही चव घेतात.

धोका खरा आहे

आता थोडं गंभीर बोलू या. सुंदर फोटो पाहून आपण विसरतो, की हा खेळातला अनार नाही.

३० डिसेंबर २००२ रोजी शारा देल फुओकोचा काही भाग घसरून समुद्रात कोसळला आणि त्सुनामी उठली. काही ठिकाणी लाटा दहा मीटरपर्यंत चढल्या. किनाऱ्यावरची घरं फुटली, काही माणसं जखमी झाली. हिवाळा होता, किनारे रिकामे होते, म्हणून प्राणहानी झाली नाही. हेच ऑगस्टच्या दुपारी घडलं असतं तर? या विचाराने त्यानंतर बेटावर चोवीस तास निरीक्षण सुरू झालं. डोंगरावर भूकंपमापक आणि कॅमेरे, समुद्रात लाटा मोजणारी यंत्रं, गावात भोंगे. इथे त्सुनामी अवघ्या काही मिनिटांत गावापर्यंत पोहोचते. म्हणून भोंगा वाजला की विचार करत बसायचं नाही, पाट्यांवरचे बाण दाखवतील तिकडे उंचावर जायचं. तुम्हीही बेटावर उतरलात की आधी त्या पाट्या शोधा, मुलांनाही दाखवा. फोटो नंतर.

३ जुलै २०१९ रोजी, भर पर्यटन हंगामात, कुठलीही ठळक पूर्वसूचना न देता मोठा स्फोट झाला. जिनोस्त्राच्या बाजूला डोंगरावर फिरायला गेलेल्या एका माणसाचा मृत्यू झाला. दोन महिन्यांच्या आत, २८ ऑगस्टला, पुन्हा तसाच स्फोट.

आणि एक घटना अशी, जिच्यात इद्दूचा काहीच दोष नव्हता. मे २०२२ मध्ये बेटावर एका टीव्ही मालिकेचं चित्रीकरण सुरू होतं. त्यासाठी पेटवलेली आग वाऱ्याने भडकली आणि डोंगरउतारावरची झाडी मोठ्या प्रमाणात जळून गेली. ऑगस्टमध्ये मुसळधार पाऊस आला. माती धरून ठेवायला झाडंच उरली नव्हती. चिखल आणि दगडांचे लोंढे गल्ल्यांतून वाहत घरांत शिरले. आपल्याकडे पावसाळ्यात दरडी कोसळल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे दृश्य वेगळं सांगायला नको. लोकांनी फावडी घेऊन स्वतःच गाळ उपसायला सुरुवात केली.

विचार करा, ज्या सिनेमाने बेटाला जगवलं, तशाच एका चित्रीकरणाने त्याला जखम केली. पर्यटनाचंही तसंच आहे. आपण गेलो नाही तर या माणसांचं पोट भरणार नाही आणि बेफिकिरीने गेलो तर त्यांचं घर धोक्यात येईल. एवढ्याशा बेटावर आपली प्रत्येक बाटली, प्रत्येक बादलीभर पाणी, प्रत्येक पेटती काडी मोजली जाते.

कसं आणि कधी जाल?

भारतातून आधी रोम, नेपल्स किंवा सिसिलीतलं कातानिया गाठा. शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी पुरेसा वेळ हाताशी ठेवा. बेटावर विमानतळ नाही. सिसिलीतल्या मिलाझो बंदरातून वेगवान बोटीने वाटेतली बेटं घेत साधारण तीन तासांत पोहोचता येतं. नेपल्सहून रात्रभराची मोठी बोटही असते. ती घेतलीत तर पहाटे डेकवर जाऊन उभे राहा, अंधारात लाल ठिणगी दिसली की समजा, बेट जवळ आलं.

मे-जून आणि सप्टेंबर हे महिने उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी आणि भाव दोन्ही चढलेले असतात. पण २४ ऑगस्टच्या सुमारास गेलात तर एओलियन बेटांचे रक्षक मानले जाणारे संत बार्तोलोमेओ यांचा उत्सव पाहायला मिळू शकतो. घट्ट बूट, विंडचीटर, टॉर्च आणि नेहमीची औषधं न विसरता घ्या. परतीच्या विमानाआधी एक-दोन दिवस मोकळे ठेवा, कारण वारा सुटला तर बोटी थांबतात. एओलसचं राज्य आहे शेवटी!

मग माणसं राहतात का?

सुरुवातीचा प्रश्न आठवतोय ना? इतकं सगळं होऊनही ही पाचशे माणसं तिथे का राहतात?

खरं सांगायचं तर प्रश्न त्यांनाच विचारावा असं नाही. पूररेषेतल्या घरात राहणाऱ्या आपल्या सांगलीकर, कोल्हापूरकर मावशीला विचारून बघा. पाणी ओसरलं की ती भिंती धुते, देवघर पुन्हा मांडते आणि चहा टाकते. तिला धोका कळत नाही असं थोडंच आहे? पण घर म्हणजे फक्त सुरक्षित जागा नसते. तिथे आपली माणसं, आपली भाषा, आपली कामं असतात. स्ट्रॉम्बोलीकरांनी धोक्याकडे पाठ फिरवलेली नाही. त्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवायला यंत्रं बसवली, पळायच्या वाटा आखल्या आणि रोज सकाळी वर बघायची सवय लावून घेतली.

कधी योग आला तर नक्की जा. संध्याकाळी ओट्यावर बसा, समोर समुद्र काळा होताना बघा. मागून खोल आवाज येईल, तुम्ही दचकाल. शेजारची आजी मात्र हातातलं काम न थांबवता मान हलवेल. तिच्या दृष्टीने काहीच विशेष घडलेलं नसेल. इद्दू आहे, जागा आहे, म्हणजे सगळं ठीक आहे.